हाताला गुण

"सिस्टर, बसा ना जरा," लॅबच्या डॉक्टरीणबाई नवजात बाळांच्या कक्षातल्या मोठ्या सिस्टरला म्हणाल्या. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत तिनं स्वतः किती जणांना असं बसवलं होतं. व्हरांड्यात ताटकळणाऱ्या बापांना, दूध काढून वाटी घेऊन आलेल्या आयांना, हातातलं काम टाकून धावत आलेल्या मामा-काकांना. बसा म्हटलं की माणसं बसत नाहीत, आधी तोंडाकडे बघतात, हे तिला पाठ होतं. तीही बसली नाही. डॉक्टरीणबाई तिच्या मुलीहून फार तर दोन वर्षांनी मोठ्या असतील. टेबलावर कागदांची चळत, त्या चळतीवरच अर्धा प्यालेला चहा. पलीकडे तापाच्या पेशंटांच्या रक्ताच्या बाटल्या खोक्याखोक्यांनी जमिनीवर ठेवलेल्या, पाय टाकायला जागा नाही. गेला दीड महिना सगळं शहर तापानं फणफणलं होतं आणि त्या तापाचं पाणी वाहत वाहत शेवटी या इमारतीत येऊन तुंबलं होतं. "मागच्या आठवड्यात आपण सगळ्यांच्या हातांचे स्वॅब घेतले ना," बाई म्हणाल्या, "त्यातला एक पॉझिटिव्ह आलाय." "कुणाचा?" तिनं विचारलं. विचारायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण तेवढंच क्षणभर लांबलं. बाईंनी कागद तिच्याकडे वळवला. तिनं चष्मा वर केला, खाली केला. तिचंच नाव होतं, आणि तेही चुकीचं लिहिलेलं. एक मात्रा कमी. उगाचच तिला वाटलं की मात्रा नाही म्हणजे ती मी नव्हे.

जंतू तोच होता. बारा दिवसांत ज्यानं तिच्या कक्षातली पाच बाळं नेली, कुठल्याच औषधाला दाद दिली नाही, तो. "तुमचे हात दाखवा," बाई म्हणाल्या. तिनं हात पुढे केले, शाळेत नखं तपासायला करायचे तसे. बोटांच्या पेरांवर, अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या कडेला भेगा होत्या. काही जुन्या, पांढरट, काही ताज्या, लाल. दिवसातून साठ-सत्तर वेळा हात धुतले की आणखी काय होणार? तिच्या कक्षातल्या सगळ्यांचेच हात असे होते, पण तिचे सगळ्यांत वाईट, कारण धुण्याच्या बाबतीत ती सगळ्यांत कडक. मागच्या वर्षी एका शिकाऊ डॉक्टरला तिनं दारातून परत पाठवलं होतं. "आधी बेसिन, मग बाळ," म्हणाली होती, आणि तो बिचारा कोपरापर्यंत भिजून आला होता. "या भेगांमध्ये राहतात ते," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "एकदा बसले की धुऊन जात नाहीत. उलट जितकं धुवाल तितकी कातडी फाटते." "म्हणजे धुतले म्हणून झालं?" "तसं नाही म्हणता येणार." "मग आधी कुठं होता तो? माझ्या हातावर की बाळांच्या अंगात? माझ्याकडून त्यांना गेला, की त्यांच्याकडून मला आला?" बाईंनी चहाचा कप उचलला, त्यात बघितलं आणि परत ठेवला. "ते नाही सांगता येत, सिस्टर. बेसिनच्या पाइपातही सापडलाय, बाळांना ऊब देणाऱ्या एका वॉर्मरच्या दांडीवरही सापडलाय. सोळा बाळांच्या जागेत तुम्ही चौतीस ठेवताय. एका पाळण्यात दोन-दोन. कुणाकडून कुणाला गेला हे आता देवही सांगू शकणार नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तीन आठवडे कक्षात जायचं नाही, हातांना मलम लावा, पुढच्या आठवड्यात परत स्वॅब घेऊ." मग थोडं थांबून, जरा जास्तच सहजपणे म्हणाल्या, "घरी काही प्रॉब्लेम नाही. धडधाकट माणसांना काही होत नाही यानं."

बाहेरच्या व्हरांड्यात दोन्ही बाजूंना माणसं झोपली होती, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधलेल्या. तिला धरून कक्षातल्या नऊ सिस्टरांपैकी पाच जणी याच व्हरांड्यांमध्ये पांगल्या होत्या. मेट्रनबाईंनी एका दुपारी यादी आणून दिली आणि म्हणाल्या, काय करू, ताप जास्त आहे, बाळं कमी आहेत. बाळं कमी नव्हती. बाळं वजनाला कमी होती. यादी वाचताना तिनं हे म्हणायला पाहिजे होतं, भांडायला पाहिजे होतं. पण मेट्रनबाईंच्या डोळ्यांखाली काळं आलेलं होतं, त्या स्वतः रोज तापाच्या वॉर्डात पाळी करत होत्या, अशा माणसाशी भांडायचं तरी कोणत्या तोंडानं? त्या दिवसापासून पाळीला दोघी. चौतीस बाळं आणि चार हात. चालता चालता ती हात अंगापासून दूर धरून चालत होती, ओल्या रंगाचे असल्यासारखे. एका म्हाताऱ्यानं पाणी मागितलं. बाटली त्याच्या उशाशीच होती, फक्त झाकण उघडायचं होतं. तिनं हात पुढे केला, मागे घेतला आणि "मावशी, यांना पाणी द्या," अशी हाक मारली. मावशी लांब होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. ती पुढे निघून गेली.

मुंगी, त्या पाचांतलं एक बाळ, कक्षात आली तेव्हा नऊशे ऐंशी ग्रॅमची होती. मुंगी हे नाव कक्षातल्या बारीक अंगाच्या धाकट्या सिस्टरनं ठेवलं. त्या सिस्टरला सगळे चिमणी म्हणायचे, म्हणून आपल्याहून लहान काहीतरी मिळाल्याचा तिला आनंद झाला असावा. मुंगीची कातडी इतकी पातळ की आतलं सगळं निळंनिळं दिसायचं, आणि हात इतका लहान की मोठ्या माणसाच्या करंगळीचं पहिलं पेर त्यात मावायचं नाही. कक्षात असा नियम नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होतं की मुंगी मोठ्या सिस्टरची. पाळी संपली तरी ती पाच मिनिटं मुंगीपाशी थांबायची. नळीतून दूध देताना थेंब थेंब मोजायची. अंग पुसायची, कूस बदलायची, कानामागे चिकटलेला कापसाचा तंतू काढायची, जो काढला नसता तरी काही बिघडलं नसतं. श्वास विसरली की तळपायाला बोट लावायची आणि मुंगी लगेच, रागावल्यासारखा, श्वास घ्यायची. कुठल्याही बाळापेक्षा जास्त वेळा तिनं मुंगीला हात लावला होता. हे आता, घरी जाणाऱ्या बसच्या खिडकीपाशी बसून, मांडीवर पालथे ठेवलेले हात बघताना तिला पहिल्यांदाच या शब्दांत कळलं, आणि तिनं खिडकीच्या काचेला डोकं टेकलं. जिच्यावर जीव जडला, तिलाच जास्त हात लागला. जी पोरं तिच्या फारशी लक्षात राहिली नव्हती, अठरा नंबरचं, तेवीस नंबरचं, ती वाढली, घरी गेली.

मुंगीची आई कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करायची. रोज सकाळी जिन्यात बसून दूध काढायची, झाकलेली वाटी दाराशी आणून द्यायची, आणि काचेतून बघायची. तिला आत सोडायचा नियम नव्हता, जागाच नव्हती. पण वजन बाराशे चाळीस झालं त्या दिवशी सिस्टरनं तिला गाऊन घालून आत आणलं आणि पोरगी तिच्या हातात दिली. त्या बाईनं आधी पोरीची बोटं मोजली. मग म्हणाली, "सिस्टर, तुमच्या हाताला गुण आहे." असं पुष्कळ जणी म्हणायच्या. तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोलायचं? एकोणतीस वर्षांत बढती एकदाच झाली, पगारवाढीची कागदपत्रं दोनदा हरवली, पण हाताला गुण आहे हे बोलणं टिकलं होतं, आणि ते तिनं अंगावरच्या दागिन्यासारखं, दिसेल न दिसेल असं, मिरवलं होतं. एकतिसाव्या दिवशी मुंगीनं दूध टाकलं. संध्याकाळी पोट फुगलं, दुसऱ्या दिवशी अंग राखेच्या रंगाचं झालं, तिसऱ्या दिवशी दुपारी संपली. कापडात गुंडाळून तिनंच आईच्या हातात दिली. आई मोठ्यानं रडली नाही. गाठोडं नवऱ्याकडे देऊन तिनं सिस्टरचे दोन्ही हात धरले, वर उचलले आणि आपल्या डोळ्यांना लावले. "तुम्ही खूप केलंत हो," म्हणाली. त्या ओल्या पापण्या अजून हातांना लागत होत्या. स्वॅब त्यानंतर तीन दिवसांनी घेतला होता.

नवऱ्याला तिनं त्याच दुपारी सांगितलं. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा, निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी वर्तमानपत्र हातात पेन्सिल घेऊनच वाचायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अगं, छापून झाल्यावर चूक सापडते ना, तेव्हा असं वाटतं की ही एकच चूक होती. तशी नसते. शंभर जणांच्या हातून गेलेली असते." "माझ्या हातून गेलेली आहे," ती म्हणाली. रात्रीचा स्वयंपाक त्यानंच केला. भात खाली लागला, आणि दोघांनी तो लागलेला भात तसाच संपवला. तिनं आपलं ताट, पेला, टॉवेल वेगळा काढला. "बाई म्हणाल्या ना, धडधाकट माणसांना काही होत नाही?" तो म्हणाला. "तू धडधाकट आहेस असं कोण म्हणालं?" ती म्हणाली, आणि दोघंही थोडं हसले.

खरी पंचाईत झाली ती मुलीची. मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची, तिचा मुलगा आठ महिन्यांचा, गोल डोक्याचा, सगळे त्याला गुंड्या म्हणायचे. आईला तीन आठवडे रजा मिळाली एवढंच तिला बाबांकडून कळलं आणि दुसऱ्या सकाळी ती गुंड्याला घेऊन हजर. "आई, किती दिवसांनी घरी सापडलीस! पाळणाघरातून रोज सर्दी घेऊन येतो हा. तीन आठवडे तुझ्याकडेच राहू दे." गुंड्यानं आजीला बघितलं, दोन्ही हात पसरले आणि सगळं अंग पुढं फेकलं, जशी सवय होती तशी, पकडणारं माणूस पकडणारच या भरवशावर. ती दोन पावलं मागे सरकली. मुलीनंच त्याला कसंबसं सावरलं. "अगं घे ना त्याला!" "तुझ्या बाबांकडे दे," ती म्हणाली आणि हात पदराखाली घेतले. पहिला दिवस तसा गेला. गुंड्या रांगत यायचा, तिची साडी धरून उभा राहायचा, वर बघायचा. ती वाकून त्याच्याशी बोलायची, गाणं म्हणायची, पण हात मागे बांधलेले. त्याला ते आधी खेळ वाटलं. मागे जाऊन तो हात शोधायला लागला. सापडले की हसायचा, आणि ती दचकून हात वर करायची, कुणीतरी पिस्तूल रोखल्यासारखे. संध्याकाळपर्यंत त्यानं तिच्याकडे येणं सोडलं होतं. तीन दिवसांनी मुलगी दाराशीच चप्पल न काढता म्हणाली, "आई, तुला त्याचा कंटाळा आला असेल तर तसं सांग ना सरळ. बाबा दिवसभर त्याला कडेवर घेऊन दमतात, आणि तू बोटसुद्धा लावत नाहीस." मग तिला सांगावंच लागलं. सांगताना ती डॉक्टरीणबाईंचे शब्द वापरत होती, धडधाकट, काही होत नाही, फक्त अगदी लहान, कमी वजनाच्या... आणि मुलीचा चेहरा बदलत गेला. रागाचा होता तो काळजीचा झाला, मग आईची दया आल्यासारखा झाला, आणि मग सगळ्यात शेवटी त्यावर एक सभ्यपणा आला. घरातल्या माणसाचा नसतो, बँकेतल्या माणसाचा असतो तसा. "असू दे आई. तू आराम कर. काही दिवस आम्ही आमचंच बघतो." बोलता बोलता ती गुंड्याची दुपटी, बाटली, खुळखुळा पिशवीत भरत होती. खुळखुळा भरण्याआधी एक क्षण थांबली. मग तो तिनं टेबलावर तसाच ठेवला. "नंतर नेईन," म्हणाली. आईनं खुळखुळ्याला हात लावला होता का, हे तिला आठवत नव्हतं. आईलाही आठवत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस लांब होते. मलम लावायचं, पंख्याखाली बोटं पसरून बसायचं. भेगा भरत येत होत्या आणि त्या भरताना खाज सुटायची, ती खाज म्हणजे आत कुणीतरी फिरतंय असं वाटायचं. तिला माहीत होतं की हे मूर्खपणाचं आहे. जंतू काय असतो, किती असतो, तिनं परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तरी दुपारी डोळा लागला की मुंगीचा बारीकसा रागीट श्वास ऐकू यायचा. मग ती मागं मागं मोजत जायची. अमुक दिवशी मी आधी अकरा नंबरचं सलाईन बदललं, मग लगेच मुंगीचं दूध. धुतले होते का मध्ये? धुतलेच असतील. मी धुतल्याशिवाय राहतच नाही. पण त्या दिवशी पाणी गेलं होतं दहापासून बारापर्यंत. आणि हाताला चोळायचं बाटलीतलं औषधी पाणी? ते तापाच्या वॉर्डानं नेलं होतं. मग मी काय केलं? तिथं आलं की आठवण अशी पांढरी पडायची, जणू कुणी पान फाडून नेलंय. आठव्या दिवशी स्वॅब देऊन आली. दहाव्या दिवशी सकाळी तिनं साडी बदलली, नवऱ्याला म्हणाली, "मी मुंगीच्या आईकडे जाऊन येते." "कशाला?" "सांगायला." त्यानं पेन्सिल कानामागे ठेवली. "सांगून काय होणार?" "तिला कळेल." "आणि तुला बरं वाटेल," तो म्हणाला. चिडून नाही, नुसतंच. तिनं चपला घातल्या. पत्ता तिला पाठ होता. मुंगीच्या कागदावर तेहतीस दिवस वरच लिहिलेला होता.

टायरच्या दुकानावरची खोली. लोखंडी जिना, वर एकच दार, दाराबाहेर वाळत टाकलेली चादर. मुंगीची आई जमिनीवर बसून घरी आणलेल्या शर्टांना बटणं लावत होती, आणि खाटेवर तिची सासू. सिस्टरला बघून दोघी उठल्या, सासूनं खाट झटकली, चहा ठेवायला गेली. "नको, काही करू नका," सिस्टर म्हणाली, "मला थोडं सांगायचंय." मग एवढा वेळ बसमध्ये जुळवत आणलेली वाक्यं सगळी डोक्यातून सांडून गेली. सासूच आधी बोलली, स्टोव्हपाशी पाठमोरी. "काय सांगायचं राहिलंय आता? तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय सगळं. आईच्याच अंगात काहीतरी होतं, ते दुधातून पोरीला गेलं. मी तर म्हणतच होते, हिचं रक्तच वाईट." मुंगीची आई मान खाली घालून सुईत दोरा ओवत होती. दोरा जाईना. सिस्टरच्या लक्षात आलं, कुठल्यातरी शिकाऊ डॉक्टरानं घाईत, दाराशी उभ्या उभ्या, तसं म्हटलं असणार; असं नेहमीच म्हणतात, आईकडून आलं असेल, कारण काहीतरी म्हणावं लागतं आणि पुढचं बाळ वाट बघत असतं. तिनंही कधी म्हटलं होतं का? म्हटलं असेल. "तसं नाहीये," ती म्हणाली. आवाज मोठा निघाला. "हिचं रक्त वाईट नाही, दूध वाईट नाही. माझ्या हातावर जंतू सापडलेत. तपासलंय, कागद आहे. मुंगीला जो झाला तोच. माझ्या हातांतून गेला असेल. मी... माझ्यामुळे झालं असेल ते."

खाली टायरला हवा भरण्याचा आवाज चालू होता, तो थांबला आणि परत सुरू झाला. मुंगीच्या आईनं सुई शर्टात टोचून ठेवली. सरकत जवळ आली. सिस्टरला वाटलं, आता मारेल, निदान काहीतरी ओरडेल. आणि त्या मारासाठी तिनं अंग सैल सोडलं, खरं म्हणजे त्याचसाठी ती आली होती. "सिस्टर," ती बाई म्हणाली, "तुम्ही किती चांगल्या आहात हो. माझ्यासाठी एवढं खोटं बोलायला इतक्या लांब आलात." "मी खोटं बोलत नाहीये." "यांना ऐकवायला बोलताय," तिनं डोळ्यांनी सासूकडे खूण केली आणि आवाज बारीक केला, "मला बोल लागतो ना, म्हणून. कळतं मला. पण माझंच काहीतरी असणार. मला आतून माहितीय. पोरीला पोटात असतानाच मी उभ्यानं काम करत होते." "अहो, नाही! ऐका तरी. कागद आहे, मी आणून दाखवते—" "कागद काय, कसला पण निघतो." तिनं सिस्टरच्या गुडघ्यावर हात ठेवला, थोपटला, लहान मुलाला थोपटतात तसा. सासू चहाचे कप घेऊन आली आणि म्हणाली, "देवमाणूस आहात सिस्टर तुम्ही. आजकाल कोण येतं?" ती कितीतरी वेळ समजावत राहिली. भेगा दाखवल्या. जितकी ती जोर लावून बोलली तितका त्या दोघींचा विश्वास बसत गेला, की केवढं हे मन, एका अनोळखी बाईसाठी स्वतःवर आळ घेतेय. निघताना मुंगीची आई जिन्यापर्यंत आली. वाळत टाकलेल्या चादरीआड, सासूला दिसणार नाही अशी उभी राहून तिनं सांगितलं, की तिला परत दिवस राहिले तर ती दुसरीकडे कुठे जाणार नाही. "तुमच्याच वॉर्डात येणार. तुमच्याच हातात देणार, बघा." सिस्टर जिना उतरली. खालच्या माणसानं विचारलं, "काय झालं बाई, बरं नाही का?" तिनं मान हलवली. हो की नाही, कुणालाच कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मेट्रनबाईंचा फोन. "आज या. आत्ताच्या आत्ता." "रिपोर्ट आला?" "कसला? हां. नाही आला. लॅबमध्ये तापाचे नमुने ढिगानं पडलेत, तुमचा कधी निघणार देव जाणे." "मग मी कशी येऊ?" पलीकडे मेट्रनबाईंनी कुणाला तरी थांबायला सांगितलं. "सिस्टर, काल तुमच्या दोघी तापानं पडल्या. चिमणी एकटी आहे आत. एकटी. कालपासून घरी गेलेली नाही. एकोणचाळीस बाळं आहेत. ग्लव्हज घालून काम करा, दुसरं काय सांगू मी तुम्हाला?" तिला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणायचे शब्द जिभेवर होतेही. पण नाही म्हणणं म्हणजे एकोणचाळीस आणि दोन हात. हो म्हणणं म्हणजे एकोणचाळीस आणि चार हात, त्यातले दोन असे. नवरा दारात उभा होता. "जाऊ नकोस," तो म्हणाला. मग तिची पर्स त्यानंच आणून दिली.

चिमणीनं तिला बघितलं आणि तिथंच, सलाईनची बाटली हातात असताना, ती रडायला लागली. रडत रडत बाटली टांगली, थेंब मोजले, आणि मगच नाक पुसलं. "आलात सिस्टर. मला वाटलं आता कुणीच येणार नाही." भिंतीवर हात धुण्याचं नवीन चित्र लावलं होतं, सहा पायऱ्यांचं, रंगीत. बेसिनचा पाइप अजून बदलला नव्हता. ग्लव्हजचा एक डबा मिळाला, पूर्ण पाळीला एक. तिनं प्रत्येक बाळाला नवी जोडी घातली, जुनी टाकली, आणि दहा वाजून वीस मिनिटांनी डब्याच्या तळाशी बोट लागलं. तिनं मावशींना स्टोअरमध्ये पाठवलं. मावशी परत आल्या, म्हणाल्या, तापाच्या वॉर्डातसुद्धा नाहीत. मग ती उघड्या हातांनी काम करू लागली. प्रत्येक बाळानंतर बेसिनपाशी जायची. चाळीस सेकंद चोळायचे, वीस सेकंद वाळवायचे, आणि त्या एका मिनिटात पाठीमागे कुणीतरी रडत असायचं. सकाळपर्यंत भरत आलेली अंगठ्याजवळची भेग साडेदहाला परत उघडली. तिनं त्यावर चिकटपट्टी लावली. पाण्यानं ती सुटली. परत लावली.

सहा नंबरच्या पाळण्यात दोन बाळं होती, डोक्याला डोकं लावून. त्यातल्या डावीकडच्याचा श्वास थांबला. अलार्म वाजण्याआधीच तिला दिसलं. छातीची ती बारीक वरखाली नव्हती, ओठांभोवती निळं चढत होतं. तिनं तळपायावर बोट घासलं, एकदा, दोनदा, जोरात. पाय आखडला. श्वास आला. ती वाकून तशीच बघत राहिली, दुसरा येतो का, तिसरा येतो का. आले. "सिस्टर!" खोलीच्या पलीकडच्या टोकाहून चिमणी ओरडली. तिच्या एका हातात बाळाचा हात, दुसऱ्या हातात सुई, शीर नुकती सापडलेली. "नऊ नंबर! नऊ नंबर बघा, मला सोडता येत नाहीये!" ती बेसिनकडे वळली. दोन पावलं गेलीसुद्धा. तिथून तिला नऊ नंबरचं बाळ दिसत होतं, पाठ ताणलेली, तोंड उघडं, आणि तोंडातून आवाज नाही. ती वळली. बोटाला सहा नंबरच्या बाळाची ओल अजून होती. तेच बोट तिनं नऊ नंबरच्या तळपायाला लावलं आणि वरून खाली ओढलं. काही झालं नाही. तिनं बाळाला कुशीवर केलं, पाठ चोळली, पूर्ण पंजानं, भेगांसकट. बाळानं उचकी दिल्यासारखा एक श्वास घेतला, मग रडायला लागलं. "आला का?" चिमणीनं विचारलं. "आला," ती म्हणाली. दोन्ही पाळण्यांवरचे कागद तिनं ओढून घेतले, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि नियमाप्रमाणे दोन्हींवर श्वास थांबल्याची वेळ लिहिली. सहा नंबर, अकरा चाळीस. नऊ नंबर, अकरा चाळीस.